मूत्रपिंडातला पिंड

पळसदरी,
रविवार, २२ जानेवारी १९८४

आत्या, जयभीम.

गेल्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली. ते पत्र एव्हाना मोहोपाड्याला पोचलं असेल, म्हणून आधी ती दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, की पौष पौर्णिमेला विहारात मी मूत्रपिंडाच्या आजाराबद्दल बोलले आणि 'लघवी' हा शब्द माझ्या तोंडून निघताच बायका लाजून उठून गेल्या. उठून गेल्या हे खरं आहे. लाजल्या हे खरं नाही. ते मी माझ्या मनानं लिहिलं, कुणाला विचारलं नव्हतं.

काल आईनं विहिरीवर विचारलं. बायका म्हणाल्या, लघवीचं काय, ती तर रोजची गोष्ट आहे. आम्ही उठलो ते तुझ्या पोरीनं पिंडदानाचं नाव काढलं म्हणून.

मला आधी काही समजेना. मग भाषण पुन्हा मनात म्हणून पाहिलं. तुला माहीत आहे, मी घाबरते म्हणून सगळं पाठ करून जाते. इस्पितळातून निघताना मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "तू सहा महिने आधी आली असतीस तर कदाचित औषधावर भागलं असतं. गावात जाऊन एवढं सांग." म्हणून मी पहिलंच वाक्य असं बांधलं होतं: "दोन वर्षांपूर्वी माझ्या चंद्राआत्यानं मला मूत्रपिंडदान केलं, म्हणून मी आज तुमच्यापुढे उभी आहे." मला ते वाक्य फार आवडलं होतं. पण कर्णा खरखरत होता, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना त्या लांब शब्दातलं शेवटचंच ऐकू गेलं. आत्यानं पिंडदान केलं. तेही विहारात, बुद्धाच्या मूर्तीसमोर.

गंगाआजी पहिल्यांदा उठली. छप्पन साली सगळ्यांनी शपथ घेतली की श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, आणि ही कालची पोर इथं येऊन काय बोलते, असं ती दारात म्हणाली म्हणे. तिच्या मागोमाग बाकीच्या उठल्या. मी मात्र कर्ण्यासमोर उभी राहून लाजेबद्दल विचार करत होते.

चूक माझीच आहे. शब्द बरोबर होता, पण तो कुणाच्या कानावर पडणार याचा मी विचार केला नाही. एवढ्यावर मी गप्पही बसले असते. पण एक गोष्ट आहे. गंगाआजीची नात जना, कोंडीरामकाकांची थोरली, तिचं लग्न ठरलं आहे. पौर्णिमेला ती पहिल्या रांगेत होती. तिच्या डोळ्यांखाली सूज आहे, आत्या. सकाळी पाणी भरायला येते तेव्हा चेहरा फुगलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत उतरतो. बायका तिला म्हणतात, काय गं, लग्नाचं तेज चढलं. मला दोन वर्षांपूर्वीचा माझा आरसा आठवतो. तेव्हा मलाही हेच म्हणाले होते.

आता गंगाआजी मला उंबऱ्याच्या आत घेत नाही. मी काय करू, ते लिही.

गोळ्या वेळेवर घेते. पाणी उकळून पिते.

तुझी,
उत्पला


मोहोपाडा,
रविवार, २९ जानेवारी १९८४

उत्पले, जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि इतकी हसले की तुझे मामा बाहेरून विचारायला आले, काय झालं. त्यांना वाचून दाखवलं तर तेही हसले. म्हणाले, "बरं झालं, पोरीनं तुला जिवंतपणीच पिंड देऊन टाकला." तू रडत असशील हे मला ठाऊक आहे. रडू नकोस. तू लहान असताना मी चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर तुला अक्षरं काढायला शिकवायची, तेव्हाही एक काना जास्त पडला की तू सगळी ओळ पुसायचीस. आता तू बालवाडीच्या पोरांना शिकवतेस. त्यांच्याही ओळी पुसतेस की काय?

पण गंगावयनीवर रागावू नकोस. तिला पिंडाचं एवढं का लागलं, ते तुझ्या पिढीला माहीत नाही.

धर्मांतर झालं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तिचे सासरे गेले. मी तेव्हा सतराअठरा वर्षांची. नेरळकडचे भावकीतले लोक आले, आणि दहाव्याला पिंड ठेवा म्हणून हटून बसले. घरातले पुरुष मान खाली घालून बसलेले. शपथ घेतली होती, पण मेलेला बाप म्हटल्यावर माणसाचं मन हलतं. भात शिजला. एक म्हातारा त्याचे गोळे वळायला बसला. तेव्हा त्या घरची थोरली सून असलेली ही गंगा डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली, त्याच्या पुढ्यातली परात उचलली आणि अंगणात उपाशी खेळत असलेल्या पोरांपुढे ठेवली. म्हणाली, "मेलेल्याला भात कशाला? जित्यांना वाढा." एवढंच. मग आत गेली. सोळा वर्षांचा तुझा बापही त्या पोरांत जाऊन बसला. माझा भाऊ म्हणून नाही सांगत, पण त्यानं दोन मुटके जास्तच खाल्ले असतील.

नेरळच्या भावकीनं पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या घरचं पाणी घेतलं नाही. तिच्या पोरांच्या लग्नाला कुणी आलं नाही. तिनं ते सगळं सोसलं आणि त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. मी तेव्हापासून तिला मानते. तेव्हा ती उठून गेली, हे तिला शोभण्यासारखंच झालं. तू तिला जाऊन भेट. आणि ते पुस्तकातलं मूत्रपिंड टाकून दे. सरळ गुर्दा म्हण. मटण कापताना प्रत्येकीनं गुर्दा पाहिलेला असतो. तो काय काम करतो ते सांगितलंस की लगेच डोक्यात शिरेल.

जनाचं तू मनावर घेऊ नकोस. लग्न ठरलं की पोरीच्या अंगावर तूप चढतंच. तू दुखण्यातून उठलेली आहेस, तुला प्रत्येक फुगलेल्या डोळ्यात आपलंच दुखणं दिसणार.

इथल्या कॉलनीत एक स्थळ आहे. मुलगा कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, समंजस आहे, पुस्तकं वाचतो. त्याच्या आईला तुझा फोटो आवडला. पुढच्या महिन्यात बोलू. तोवर तब्येत जप. धुरात बसू नकोस.

तुझी आत्या,
चंद्रा


पळसदरी,
रविवार, १२ फेब्रुवारी १९८४

आत्या, जयभीम.

गंगाआजीच्या परातीची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी ती आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, हे सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यासमोर कुणी बोलत नाही, तिला आवडत नाही. मला वाटलं, मी पौर्णिमेला जे सांगायला उभी राहिले होते त्यापेक्षा ही गोष्ट मोठी आहे. मी तिला भेटायला निघाले तेव्हा भीती थोडी कमी झाली होती.

ती अंगणात वाल सोलत बसली होती. मी आधी माफी मागितली. तिनं मान वर केली नाही. मग मी तू सांगितलंस तसं सांगितलं. गुर्दा शब्द ऐकल्यावर मात्र तिनं वर पाहिलं.

"बकऱ्याचा असतो तो?"

"हो, आजी. माणसाला दोन असतात. रक्तातली घाण गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. ते बिघडले की घाण आणि पाणी अंगात राहतं. मग चेहरा सुजतो, पाय सुजतात."

"आन् तुझं बिघडलं व्हतं."

"दोन्ही. मग चंद्राआत्यानं तिचा एक मला दिला."

इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग तिनं सोललेले वाल बाजूला सारले आणि म्हणाली, "खोटं कशाला बोलतेस गं? चंद्राचा तर मुतखडा काढला. मोहोपाड्याच्या माझ्या भाचीनं तिच्या तोंडून ऐकलंय. तुला मोठं व्हायचंय तर हो, पन तिचं नाव कशाला घेतेस?"

 मी म्हणाले, तुमच्या भाचीचा समज चुकीचा आहे. ती म्हणाली, चंद्रा खोटं बोलणाऱ्यातली नाय. तेही खरंच आहे. मग ती आत गेली.

आत्या, तू कुणाला मुतखडा सांगितलास का? मी रागावून विचारत नाही. मला फक्त समजून घ्यायचं आहे. कारण इस्पितळात ऑपरेशनच्या सकाळी तू नर्सला म्हणाली होतीस, "नीट काढा हं, माझ्या भाचीचा माल आहे." मी शेजारच्या खाटेवर होते. तुझ्याकडे पाहूनच मला धीर आला. तेच तू लपवशील, हे माझ्या मनात बसत नाही.

दुसरं, जना. मी निघाले तेव्हा ती दारामागं उभी होती. कासारानं लग्नासाठी आणलेला चुडा तिच्या हातात चढेना, मोठ्या मापाचा मागवावा लागला म्हणून घरात कौतुक चाललं होतं. मी तिला म्हटलं, पाय दाखव. नडगीवर बोट दाबलं, तर खळगा पडला आणि तसाच राहिला. ती हसून म्हणाली, "ताई, पिठात बोट घातल्यागत झालं." मी विचारलं, लघवीला फेस येतो का. ती लाल झाली, मग हो म्हणाली. घासलेल्या भांड्यावर येतो तसा, म्हणाली.

तू लिहिलं होतंस, तूप चढतं. हे तूप नाही.

उत्पला


मोहोपाडा,
सोमवार, २० फेब्रुवारी १९८४

उत्पले,

हो. मी मुतखडा सांगितला.

इस्पितळातून आले तेव्हा कॉलनीतल्या बायका भेटायला आल्या. खरं सांगितलं असतं तर त्यांनी पहिलं काय विचारलं असतं? भाचीला काय झालंय. आणि उद्या याच कॉलनीत तुझ्यासाठी स्थळ बघायचं झालं तर त्या पोरीत दुसऱ्याचा गुर्दा आहे हे आधी दारात उभं. म्हणून म्हटलं, माझा खडा काढला. खड्याला कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. प्रत्येकीच्या माहितीतला कुणाला तरी खडा झालेला असतो, त्यामुळे सगळ्या आपापलं सांगू लागतात आणि विषय संपतो. तुझ्या मामांना ते तेव्हाच पटलं नव्हतं. ते म्हणाले होते, एवढं मोठं काम करून चोरी केल्यासारखी का वागतेस.

आता तूच सांग. लॅबवाल्या मुलाची आई रविवारी येऊन गेली. एप्रिलमध्ये बघायला येऊ म्हणाली. तू विहारात कर्ण्यावर सगळं सांगत सुटलीस, तर पळसदरी ते मोहोपाडा बातमीला किती वेळ लागतो? तेव्हा दोन महिने गप्प बस. लग्न ठरू दे, मग मुलाला मी स्वतः विश्वासात घेऊन सांगेन. त्यानंतर हवी तेवढी भाषणं कर.

जनाला शहाण्या डॉक्टरला दाखवा म्हणून कोंडीरामला तुझ्या आईमार्फत सांग. तू मध्ये पडू नकोस. त्यांच्या घरात लग्न आहे. लग्नाच्या घरात दुखण्याचं नाव काढणारी बाई कुणालाच आवडत नाही.

आत्या


पळसदरी,
रविवार, ४ मार्च १९८४

आत्या, जयभीम.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू जे लपवलंस ते माझ्यासाठी, हे मला कळतं. गुर्दा दिलास तोही माझ्यासाठी आणि मुतखडा म्हणालीस तेही माझ्यासाठी. मी तुझ्यावर रागावू कशी शकेन?

पण तुझं ऐकून मी दहाबारा दिवस गप्प बसले, त्याचा परिणाम सांगते. आईनं कोंडीरामकाकांना सांगितलं. ते म्हणाले, लग्न झाल्यावर दाखवू. एका वैदूनं अंग उतरायला म्हणून काढा दिला आहे, तो जना रोज पिते. त्यात काय आहे ते त्यालाच माहीत. परवा ती धरणावर धुणं घेऊन आली. मी तिथंच होते. चढावर ती मध्येच बसली. बादली उतरवली आणि छातीला हात लावून बसली. चपलेचा पट्टा पायात रुतला होता. म्हणाली, "ताई, मला रातचं आडवं झोपवत नाय. बसून झोपते." मग म्हणाली, कुणाला सांगू नका, लग्न मोडेल.

ती अठरा वर्षांची आहे. माझं नेमकं असंच चाललं होतं, आणि मी एकवीस वर्षांची होते. मला घेऊन जाणारं कुणी आलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं गेलेली होती. तिची कदाचित अजून गेलेली नसतील. ही 'कदाचित'ची फट फार बारीक आहे, आत्या, आणि रोज आणखी बारीक होते आहे. तिला मुंबईला न्यायलाच हवं. गंगाआजीनं हो म्हटल्याशिवाय त्या घरातून कुणी हलणार नाही, आणि गंगाआजी मला खोटारडी समजते. ती तुला खोटारडी समजत नाही.

म्हणून मी दोन गोष्टी मागते. मी तुझ्याकडून काही मागायचा हक्क गमावलेला आहे असं मला रोज वाटतं, तरी मागते.

एक, त्या मुलाच्या आईला खरं सांग. नाहीतर मी पत्र लिहून सांगेन. पत्ता मला माहीत नाही, पण कारखान्याच्या नावानं जाईल. लग्न ठरल्यावर विश्वासात घेऊन सांगायची गोष्ट ही नव्हे. माझ्या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. त्या कुणाच्या पाठीमागं गिळायच्या हे मला जमणार नाही. अशानं ते स्थळ गेलं तर जाऊ दे. गोळ्यांनी माझा चेहरा गोल झाला आहे, म्हणून फोटो त्यांना आवडला. त्यांना फोटोही खरा कळलेला नाही.

दोन, गंगाआजीला तू एकदा तुझ्या तोंडानं सांग. चिठ्ठी पुरणार नाही. ती वाचत नाही, आणि कुणी वाचून दाखवली तर ती म्हणेल, पोरीनंच लिहिली.

मी तुझ्यासारखी शूर नाही. गंगाआजीच्या जागी तू असतीस तर तूही ती परात उचलली असतीस. मी असते तर विचार करत बसले असते, की परात उचलण्याचा मला हक्क आहे का. म्हणून तुला लिहिते.

उत्पला


मोहोपाडा,
गुरुवार, ८ मार्च १९८४

उत्पले,

कार्डावर लिहिते, जागा थोडी आहे.

काल सकाळी कॉलनीच्या नळावर सगळ्या जमलेल्या असताना सांगून टाकलं. माझा खडा बिडा काही नव्हता, गुर्दा काढून भाचीला दिला. दोघी एकदम "आगं बया" म्हणाल्या. एक म्हणाली, मग तू हंडे कशी उचलतेस? मी म्हटलं, हातानं. लॅबवाल्याची आई तिथंच होती. तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. ती "बघू" म्हणाली. आता ती काय बघते ते आपण बघू.

मामा खूष आहेत. आज जेवताना दोनदा भात मागितला.

तुझी मुंबईची तपासणी मंगळवारी ना? ठरल्याप्रमाणे जा. चुकवू नकोस. गावाकडची काळजी करू नकोस.

आत्या


पळसदरी,
गुरुवार, १५ मार्च १९८४

आत्या, जयभीम.

तू मुद्दाम मंगळवार निवडलास. मी मुंबईहून परत आले आणि गाडीतून उतरले, तर जना आणि गंगाआजी दोघी स्टेशनबाहेर बसलेल्या. जना म्हणाली, "तुमची आत्या येऊन गेली. आत्ता खोपोलीच्या एसटीनं गेली. तुमाला भेटली का?" मी नाही म्हटलं, तर गंगाआजी म्हणाली, "ती तुला भेटायला आलीच नव्हती. मला भेटायला आली व्हती."

पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मी ते गंगाआजीकडून ऐकलं आहे आणि बरोबर ऐकलं की नाही ते तू सांग. नाहीतर पुढं मी ते चुकीचं सांगत फिरेन.

ती म्हणाली, तू दारात आलीस आणि चहा नको म्हणालीस. कोंडीरामकाका आणि दोन पुरुष ओटीवर होते, त्यांना म्हणालीस, जरा बाहेर जाऊन बिडी ओढा. मग तिच्यासमोर बसलीस, पदर बाजूला केलास आणि बरगडीखालून पाठीकडे गेलेला व्रण दाखवलास. तिनं त्यावर बोट फिरवून पाहिलं. ती म्हणाली, एवढा लांब खडा कुणाचा नसतो. तू हसली नाहीस म्हणे. तू म्हणालीस:

"वयनी, पिंड मेलेल्याला देतात. मी जित्या पोरीला दिलंय. तुमीच शिकवलंत."

एवढं सांगून गंगाआजीनं जनाच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सत्तावन सालचं कुनी तरी बघितलेलं हाय, मला वाटलं सगळी विसरली." आणि मला म्हणाली, "तू त्या दिवशी असं बोलली असतीस तर मी उठले नसते गं." मी म्हटलं, आजी, मला असं बोलता येत नाही. ती म्हणाली, "मग शीक. तुला शिकवनारी हाय ना."

तू तिला असंही सांगितलंस म्हणे, की "पोरीचं अंग भरलं नाय, तुंबलंय." मी पंधरा मिनिटं भाषण केलं आणि हा शब्द मला सुचला नाही. तुंबलंय. मोरी तुंबते, गटार तुंबतं, हे कुणाला समजत नाही?

काल सकाळी आम्ही तिघी खालापूरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. गंगाआजीनं कोंडीरामकाकांना विचारलं नाही, सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी जनाची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली आणि त्यात काहीतरी थेंब टाकले. ती पांढरी झाली, नासलेल्या दुधासारखी. डॉक्टर मला सांगत होते, पण गंगाआजी पुढं वाकून नळीत बघत होती. तिनं विचारलं, हे काय हाय? ते म्हणाले, अंगातलं सत्त्व आहे, जे लघवीतून जायला नको ते जातं आहे. ती म्हणाली, "म्हंजे पोरगी वाहून चाललीय आन् आमी चुडा मोठा मागवतोय."  रक्तदाबही फार निघाला. त्यांनी काढा त्याच क्षणी बंद करायला सांगितला, मीठ कमी करायला सांगितलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. मी विचारलं, दोन्ही गेली असतील का? ते म्हणाले, ते तिथं रक्त तपासल्यावर कळेल, पण लघवी अजून बऱ्यापैकी होते आहे, ही चांगली गोष्ट आहे. मी हे शब्द तसेच लिहिले आहेत. त्याहून जास्त आशा मी स्वतः धरू नये आणि तुलाही देऊ नये.

परत येताना एसटीत जना रडली. लग्नाचं काय, म्हणाली. गंगाआजी म्हणाली, नवऱ्याकडच्यांना ती स्वतः जाऊन सांगणार आहे, झाकून देणार नाही. ते थांबले तर चांगली माणसं. न थांबले तर आपण वाचलो. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या स्थळाचं काय झालं?" मी म्हटलं, "बघू" म्हणालेत. ती म्हणाली, "मंग त्यांनी बघावं. आपन कामाला लागावं." एसटीतल्या बायका वळून बघत होत्या. मला लाज वाटली नाही. हेही मी मनानं लिहीत नाही, खरंच वाटली नाही.

शनिवारी फाल्गुनी पौर्णिमा आहे. विहारात गंगाआजीनं निरोप धाडला आहे, की त्या दिवशी पुन्हा गुर्द्याचं बोलणं होईल आणि जानेवारीत उठून गेलेल्या सगळ्यांनी यावं, पहिली उठलेली ती स्वतः पुढं बसणार आहे. बोलायचं मला आहे. मी या वेळी पाठ केलेलं नाही. सकाळी चेहरा सुजतो का, पाय दाबला की खळगा राहतो का, लघवीला फेस येतो का, घरी एवढं बघा, आणि असेल तर लग्न, सण, पेरणी कशासाठीही थांबू नका. एवढंच सांगणार आहे. तुझं नाव घेईन. आता ते घ्यायला तुझी परवानगी आहे असं मी धरते.

पण शनिवारचं भाषण ही माझी परीक्षा नाही. माझी परीक्षा त्यानंतर आहे. मंगळवारी तपासणीच्या वेळी मी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना जनाबद्दल विचारून आले आहे. धुळवडीनंतर बाह्यरुग्ण विभाग उघडेल तेव्हा आणा, म्हणाले. कोंडीरामकाकांना कामावरून सुट्टी नाही, जनाची आई घर सोडू शकत नाही, आणि मुंबईच्या त्या इमारतीत कुठली खिडकी, कुठला जिना, कुठल्या बाईला आधी नमस्कार करायचा, हे या गावात फक्त मला माहीत आहे. मी आजवर त्या इमारतीत कधीही दुसऱ्या कुणाचा हात धरून शिरलेले नाही. नेहमी कुणीतरी माझा हात धरलेला होता. बहुतेक वेळा तूच.

बालवाडीतून रजा घेतली आहे. गंगाआजी बरोबर येते आहे. जनाला सांगून ठेवलं आहे, की गाडीत बसून झोपायला जागा मी धरीन. सोमवारी, एकोणीस मार्चला, पळसदरीहून सकाळच्या पहिल्या गाडीनं मी तिला घेऊन निघते.

तुझी,
उत्पला